घाम, विष आणि बाजार : उष्णस्नानाच्या इतिहासावर लादलेले एक असत्य

१/ शहरांतील 'वेलनेस' केंद्रांच्या पाट्यांवर आज एक आवाहन सर्रास आढळते : सौनात बसा, घाम गाळा आणि शरीरातील विषद्रव्ये बाहेर टाका. या 'डिटॉक्स'च्या पुष्ट्यर्थ इतिहासाला साक्षीला उभे केले जाते. फिनलंडचा सौना, रोमची स्नानगृहे, तुर्की हमाम, आयुर्वेदातील स्वेदन. सर्व संस्कृतींना हजारो वर्षे जे ठाऊक होते तेच आम्ही देतो, असा विक्रेत्याचा दावा असतो. परंतु या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी घेत नाही. ती घेतली, तर साक्षीदार फितूर होतो आणि विक्रेत्याच्याच विरुद्ध बोलू लागतो. हा धागा म्हणजे ती उलटतपासणी.

२/ आरंभ फिनलंडपासून करणे योग्य, कारण 'सौना' हा शब्दच तिकडचा. सुमारे पंचावन्न लाख लोकसंख्येच्या या देशात सौनांची संख्या लाखांनी मोजली जाते, आणि २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौना-संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. खेड्यातील जुना सौना हा धुराचा असे. धुराडे नसलेल्या लाकडी खोलीत दगडांची रास तापवायची, धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मग आत बसायचे. दगडांवर पाणी ओतल्यावर उठणाऱ्या वाफेला तेथे जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ प्राण किंवा आत्मा असा होता.

३/ या खोलीत फिनिश शेतकरी काय करीत असे? आठवड्याची मळ काढणारी आंघोळ करीत असे. स्त्रिया तेथे बाळंत होत, कारण कडाक्याच्या थंडीत गरम पाणी, ऊब आणि एकांत या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणारी जागा घराच्या आवारात तीच होती. मृताला अखेरचे स्नानही तेथेच घातले जाई. चर्चमध्ये वागावे तसे सौनात वागावे, अशी मुलांना शिकवण असे. जन्म, स्वच्छता, विसावा आणि मृत्यू यांना सामावून घेणारी ही वास्तू होती. तिला 'विषनिर्मूलन यंत्र' म्हणणे म्हणजे वाड्यातील माजघराला केवळ धान्य साठवण्याची खोली म्हणण्यासारखे आहे.

४/ आता भारताकडे. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत उत्तमोत्तम भोजनाची निमंत्रणे मिळू लागली आणि भिक्षू जड होऊन आजारी पडू लागले. जीवक वैद्याने हे पाहिले व भगवान बुद्धांना विनंती केली की, भिक्षूंना दोन गोष्टींची अनुज्ञा द्यावी : चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची जागा, आणि जंताघर, म्हणजे अग्नीने तापवलेले स्नानगृह. जीवकाच्या सल्ल्यात जंताघराच्या जोडीला चालणे आहे, ही बाब लक्षणीय आहे. अतिभोजनाने जडावलेल्या देहाला अडीच हजार वर्षांच्या परंपरेने सांगितलेला हा उपाय आजच्या पाट्यांवर अर्धाच उतरतो, कारण येरझाऱ्यांचे तिकीट लावता येत नाही.

५/ त्याच विनयात जंताघरातील वर्तनाचे नियमही आहेत. राख साचली असेल तर काढावी, ज्येष्ठ भिक्षूंना खेटून बसू नये, नवागतांची जागा अडवू नये, ज्येष्ठांची पाठ चोळून द्यावी. चेहरा भाजू नये म्हणून तोंडाला माती लावण्याची सोयही सांगितली आहे. हे सारे नियम एका सामुदायिक जागेचे आहेत. एकट्याने पेटीत बसून विष गाळणाऱ्या ग्राहकाला हा ग्रंथ ओळखतच नाही.

६/ 'प्राचीन भारतीय डिटॉक्स' म्हणून सर्वाधिक वेठीस धरला जातो तो चरक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार आहेत. त्यांतील 'जेन्ताक' तर सौनाचाच सख्खा भाऊ शोभतो. जलाशयाकाठी सोळा अरत्नी उंच आणि तितकेच रुंद, मातीने लिंपलेले, अनेक गवाक्षांचे गोलाकार घर. आत भिंतीला लागून ओटा, मध्यभागी पुरुषभर उंचीची सच्छिद्र भट्टी, तीत खैराची लाकडे. धूर निघून गेला की तेल लावलेल्या, वस्त्र पांघरलेल्या रुग्णाने आत शिरायचे.

७/ पुढील सूचना वाचताना वैद्याची काळजी जाणवते. घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी ओटा सोडू नकोस, असे रुग्णाला बजावले आहे. ओटा सुटला तर दार सापडणार नाही आणि प्राण जातील. ओट्याच्याच आधाराने सरकत दाराशी यायचे. बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी लगेच थंड पाण्याला जवळ करायचे नाही, थोडा वेळ थांबून कोमट पाण्याने स्नान करायचे. सौनातून थेट बर्फाच्या टबात उडी मारायला लावून त्याला 'आयुर्वेदिक अनुभव' म्हणणाऱ्यांनी निदान हा एक अध्याय तरी चाळावा.

८/ आणि मुख्य मुद्दा. पंचकर्माच्या पद्धतीत स्वेदन हे पूर्वकर्म आहे. स्नेहन आणि स्वेदन यांनी दोष पातळ होतात, कोठ्याकडे येतात, आणि नंतर वमन, विरेचन, बस्ती या मुख्य कर्मांनी ते बाहेर काढले जातात, अशी ती उपपत्ती आहे. म्हणजे आयुर्वेदाच्या स्वतःच्या तर्कानुसारही शोधनाचे मुख्य काम घाम करीत नाही. तो केवळ वाट मोकळी करतो. ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राला मान्य आहे की नाही, हा स्वतंत्र प्रश्न. पण 'घामातून विष जाते, असे चरक सांगतो' हे विधान चरकाशीच प्रतारणा करणारे आहे.

९/ यावर कळस असा की, स्वेदन कोणाला देऊ नये याची चरकाने दिलेली यादी. तीत गर्भिणी आहे, मधुमेही आहे, अतिसाराचा रुग्ण आहे, भुकेलेला, तहानलेला, थकलेला आणि दुर्बल आहे. आणि तीत विषाने वा मद्याने विकार झालेला मनुष्यही आहे. विषबाधेच्या उपचारासाठी संहितेत चिकित्सास्थानाचा तेविसावा अध्याय स्वतंत्रपणे आहे. ज्या ग्रंथाने विषार्ताला घामाच्या खोलीबाहेर ठेवले, त्याच ग्रंथाच्या नावाने आज विष घालवण्यासाठी लोकांना त्या खोलीत बसवले जाते. 'आम' आणि 'दोष' या पारिभाषिक शब्दांच्या जागी सरसकट 'टॉक्सिन' असा इंग्रजी शब्द बसवला, की ही हातचलाखी साधते.

१०/ मग ही कल्पना आली कोठून? तिची एक मोठी धार युरोपातून वाहत आली. ग्रीक-रोमन वैद्यकाने शरीरात चार द्रवांचा समतोल कल्पिला होता. रक्त काढणे, ओकारी काढणे, रेच देणे, घाम आणणे, हे बिघडलेला समतोल सावरण्याचे मार्ग. १६१४ मध्ये इटलीतील वैद्य सान्तोरियो याने आपले मोजमापाचे प्रयोग प्रसिद्ध केले. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, खाल्लेले आणि उत्सर्जित केलेले वर्षानुवर्षे तोलून त्याने दाखवले की, बरेचसे वजन नकळत त्वचेवाटे व श्वासावाटे जाते. मोजमाप खरे होते. पण जे उडून जात होते ते प्रामुख्याने पाणी होते, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात रोग पाहिला.

११/ या समजुतीने किती जीव घेतले, याचे विदारक उदाहरण उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे आहे. १४९० च्या दशकात हा रोग युरोपात पसरला. उपाय म्हणून रुग्णाच्या अंगाला पाऱ्याचे मलम चोळून त्याला दिवसेंदिवस तापलेल्या, बंद खोलीत ठेवीत. घामाच्या धारा लागत, तोंडातून लाळेचे लोट वाहत, हिरड्या सुजत, दात हलत. वैद्य समाधानाने म्हणत : पाहा, विष बाहेर पडते आहे. वस्तुतः ती लाळ हेच पाऱ्याच्या विषबाधेचे लक्षण होते. जे विष निघत असल्याचा आनंद मानला जात होता, ते उपचारानेच शरीरात घातलेले होते.

१२/ जर्मन मानवतावादी लेखक उलरिख फॉन हुटेन याने हे भोग स्वतः अनेकदा भोगले. १५१९ मध्ये त्याने ग्वायकम या अमेरिकेतून येणाऱ्या लाकडाची स्तुती करणारा ग्रंथ लिहिला. बंद उबदार खोली, जवळजवळ उपवास, लाकडाचा काढा आणि घाम, असा तो नवा उपचार होता. आपण बरे झालो, असे हुटेनने जाहीर केले. १५२३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो त्याच रोगाने मरण पावला. या लाकडाच्या व्यापाराशी आउग्सबुर्गच्या धनाढ्य फुगर घराण्याचे नाव जोडले जाई, आणि पॅरासेल्ससने १५२९ मध्ये या उपचारावर कडाडून टीका केली. परदेशी वनस्पती, बंद खोली, घाम, प्रसिद्ध व्यक्तीचे प्रशस्तिपत्र आणि मागे उभा व्यापारी : आजच्या जाहिरातीचा संपूर्ण आराखडा पाचशे वर्षांपूर्वीच तयार होता.

१३/ एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला नवा पोशाख मिळाला. स्कॉटिश मुत्सद्दी डेव्हिड अर्कहार्ट याने १८५० च्या आपल्या प्रवासग्रंथात तुर्की व मोरोक्कन हमामांचे गुणगान केले. ते वाचून डॉ. रिचर्ड बार्टर याने आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ असे स्नानगृह उभारले, आणि पाहता पाहता ब्रिटनमधील शहरांत 'टर्किश बाथ' निघाले. पुढे 'टायटॅनिक'वरही ते होते. मूळ हमाम ही वजू, स्नान आणि गप्पागोष्टी यांची सार्वजनिक जागा. दौलताबादच्या किल्ल्यातील शाही हमामाचे अवशेष पाहणाऱ्याला ती दरबारी राहणीची खूण वाटते. व्हिक्टोरियन लंडनने तिला दवाखाना करून टाकले.

१४/ त्याच सुमारास पॅरिसच्या शार्ल बुशार याने 'स्वयंविषबाधे'चा सिद्धांत मांडला : आतड्यात कुजणाऱ्या मळातून विषे रक्तात शिरतात आणि मनुष्य आतून विषारी होतो. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग याने या भीतीवर मोठे साम्राज्य उभे केले. विजेचे दिवे लावलेल्या पेटीत रुग्णाला बसवून घाम आणणारे त्याचे 'प्रकाशस्नान' म्हणजे आजच्या इन्फ्रारेड सौनाचे आजोबा. लंडनमध्ये शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन तर याच भीतीपायी रुग्णांची मोठी आतडी कापून काढू लागला.

१५/ १९१९ मध्ये वॉल्टर अल्व्हारेझ या अमेरिकन वैद्याने या सिद्धांतावर साधा पण मर्मभेदी आक्षेप घेतला. बद्धकोष्ठाच्या रुग्णाला शौचास झाल्याबरोबर बरे वाटते. रक्तात खरेच विष भिनले असते, तर ते उतरायला वेळ लागला असता. तात्काळ आराम पडतो, याचा अर्थ त्रास दाबाचा आणि मज्जातंतूंचा आहे. वैद्यकाने हळूहळू हा सिद्धांत टाकून दिला. बाजाराने मात्र तो उचलून ठेवला, आणि 'डिटॉक्स' या नव्या नावाने पुन्हा दुकानात मांडला.

१६/ घाम म्हणजे आहे तरी काय? त्वचेतील लक्षावधी घर्मग्रंथींतून येणारे पाणी, त्यात मीठ, आणि अल्प प्रमाणात युरिया, लॅक्टेट वगैरे. त्याचे काम देह थंड ठेवणे. शुद्धीकरणाचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून साधारण दीड लिटर मूत्र होते. सौनातून बाहेर आल्यावर काट्यावर जे वजन कमी दिसते ते पाण्याचे असते. दोन पेले पाणी प्यायले की त्यातील बरेचसे परत येते.

१७/ येथे प्रतिवाद होतो की, घामात शिसे, पारा, प्लास्टिकजन्य द्रव्ये सापडली आहेत. सापडली आहेत, हे खरे. प्रश्न किती सापडली, हा आहे. २०१८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी चरबीत साठणाऱ्या प्रदूषकांचा हिशेब मांडला. भरपूर घाम गाळणाऱ्या माणसाच्याही घामातून दिवसाला जे जाते, ते त्याच दिवशी आहारातून आत येणाऱ्या प्रमाणाच्या ०.०२ टक्क्यांपलीकडे जात नाही. समुद्रातून चमचाभर पाणी काढून ओहोटी आणल्याचा दावा करावा, तसा हा प्रकार आहे. शिसे वा पाऱ्याची खरी विषबाधा झाली, तर जागा रुग्णालयाची असते.

१८/ म्हणून उष्णतेने उपचारच होत नाहीत, असे मात्र नाही. व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-याउरेग याने १९१७ मध्ये मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली. तापाच्या उसळ्यांनी काहींचा रोग आटोक्यात आला, नंतर क्विनाइनने हिवताप आवरला. १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळाले. या उपचाराने काही रुग्ण दगावलेही, आणि ते मृत्यू मोजले गेले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि वैद्यकाने हा मार्ग सोडून दिला. उपचार आणि ढोंग यांतील भेद येथे दिसतो. उपचार आपले मृत्यू मोजतो आणि अधिक चांगले काही आले की निवृत्त होतो.

१९/ सौनाच्या बाजूने आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तोही फिनलंडचाच. पूर्व फिनलंडमधील २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून यारी लाउक्कानेन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत आकस्मिक हृदयमृत्यूचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणाधारित अभ्यास आहे. रोज सौनात बसण्याइतका मनुष्य मुळातच निरोगी व निवांत असू शकतो, ही शक्यता उरतेच. तरीही संबंध दखलपात्र आहे. त्याचे संभाव्य स्पष्टीकरण रक्तवाहिन्या, रक्तदाब आणि हृदयाची गती यांत शोधले जाते. 'विषद्रव्यां'ची त्यासाठी गरजच पडत नाही.

२०/ 'समजूत खोटी असली, तरी त्यात कोणाचे काय बिघडले?' असे विचारले जाते. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातील सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे या आत्मविकास-गुरूने नऊ हजार डॉलरांहून अधिक शुल्क भरलेल्या शिष्यांना तापलेल्या दगडांच्या झोपडीत कोंबले. त्रास होणे म्हणजेच शुद्धी होणे, असे ज्यांच्या मनावर बिंबवले आहे, त्यांनी जीव कासावीस झाल्यावर उठून जायचे कशाच्या आधारावर? तिघांचा मृत्यू झाला आणि २०११ मध्ये रे दोषी ठरला. फिनलंडमध्येही हेइनोला येथे सौना-सहनशक्तीची जागतिक स्पर्धा होत असे. २०१० च्या अंतिम फेरीत ११० अंश सेल्सियसला एक स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धा कायमची बंद पडली.

२१/ सेडोनाच्या घटनेला दुसराही पदर आहे. ती झोपडी लकोटा व इतर मूलनिवासी समाजांच्या 'इनिपी' विधीची नक्कल होती. १८८३ च्या नियमावलीने अमेरिकी सरकारने मूलनिवासींचे धार्मिक विधी गुन्हा ठरवले होते. रेशन तोडणे, तुरुंगात टाकणे अशा शिक्षा होत्या. धर्मस्वातंत्र्याचा स्पष्ट कायदा झाला तो १९७८ मध्ये. इनिपी विकायची नसते, असे लकोटा परंपरा मानते. ज्यांच्याकडून विधी हिसकावला गेला, त्यांचाच विधी तीन दशकांनी बाजारात किंमतपट्टी लावून आला. 'प्राचीन ज्ञानाचा सन्मान' म्हणतात तो हाच काय?

२२/ महाराष्ट्राने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. येथे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी देतात, पडसे झाले की वाफारा घेतात, गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या उष्ण कुंडांत सांधे शेकतात. ऊब मिळते, चोंदलेले नाक मोकळे होते, दुखरे स्नायू सैलावतात. आजीने याहून मोठे आश्वासन कधी दिले नव्हते. करोनाच्या काळात मात्र हाच वाफारा 'विषाणू मारतो' म्हणून फिरू लागला. साध्या, प्रामाणिक उपायाला खोट्या दाव्याचे ओझे वाहायला लावले, की माणसे डॉक्टरकडे उशिरा पोहोचतात.

२३/ उलटतपासणीचा निकाल स्पष्ट आहे. जंताघराने मठाला शिस्त दिली, फिनिश सौनाने बाळंतिणीला आडोसा दिला, हमामाने शहराला स्नान आणि सोबत दिली, जेन्ताकाने वैद्याला सावधपणा शिकवला. यांतील एकाचेही मोल 'डिटॉक्स'वर अवलंबून नाही. सौनात जरूर बसावे, ऊब घ्यावी, तहान लागताच पाणी प्यावे, चक्कर आली तर उठावे, मद्य घेऊन आत जाऊ नये, हृदयविकार वा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि 'हजारो वर्षांचे ज्ञान' अशी पाटी दिसली, की एकच प्रश्न विचारावा : कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात, आणि तेथे कोणाला मनाई केली आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाती एवढे शस्त्र पुरेसे आहे. (समाप्त)